पितळ कुठलं, ते आधी विचारा

प्रश्न : आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, ऐन खारपाणपट्ट्यात. बोअरच्या लाइनला काही वर्षांपूर्वी चांगला वजनदार पितळी कॉक बसवला होता. परवा बंद करताना जरा जोर लावला तर स्पिंडल हातात आला. तुटलेल्या जागी रंग पार लाल. मिस्त्री म्हणाला, "पितळ सडलं भाऊ, पाण्यानं खाल्लं त्याले." लोखंड गंजतं हे समजतं, पण पितळ सडतं का?

उत्तर : सडतं, आणि मिस्त्रीचा शब्द पुस्तकातल्या शब्दापेक्षा नेमका आहे. लोखंड गंजलं की पोपडे सुटतात, डाग उतरतात, वस्तू आधीपासून बोंब मारते. पितळ तसं करत नाही. बाहेरून स्पिंडल जसाच्या तसा, आट्यांची धारसुद्धा शाबूत, आणि आत दम नाही.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. दोघांपैकी जस्त पाण्यात उतरायला चटकन तयार होतं, तांबं सहसा होत नाही. पाण्यात क्लोराइड भरपूर असले, ते पाणी पाइपात उभं राहिलं आणि जरा तापलं, की जस्त हळूहळू निघून जातं. मागे तांबं उरतं, पण तारेतल्या तांब्यासारखं सलग नाही. छिद्राछिद्रांचं, ठिसूळ, जरा पिळलं की मोडणारं. धातुशास्त्रात याला डिझिंसिफिकेशन म्हणतात. तुम्हाला दिसलेला लाल रंग त्या उरलेल्या तांब्याचा. कॉकच्या सांध्यांवर मध्यंतरी पांढरट भुकटी धरत होती का, आठवून पाहा. ते गेलेल्या जस्ताचे क्षार.

खारपाणपट्ट्यात या आजाराला लागणारं सगळं एका जागी मिळतं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा गाळाचा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरलाय आणि त्याच्या भूजलात मीठ इतकं, की अनेक गावांत विहिरीला पाणी असून ते प्यायला नाही आणि पिकालाही धड चालत नाही. तेच पाणी तुमच्या कॉकच्या पोटात. बोअर रोज चालत नसेल तर दिवसचे दिवस उभं, आणि वरून एप्रिल-मेचं वऱ्हाडी ऊन. वाहतं पाणी पितळेला त्या मानाने बरं, तुंबलेलं वाईट.

आता खरा मुद्दा. दुकानात 'पितळी कॉक द्या' म्हणून भागत नाही, कारण पितळ नावाचा एकच धातू नाही. जस्त किती घातलं यावर त्याचा सगळा स्वभाव ठरतो. साधारण ३७ टक्क्यांपर्यंत जस्त तांब्यात पूर्ण मुरतं, आतले कण एकाच जातीचे राहतात. हे अल्फा पितळ. ते थंड असतानाच ठोका, ओढा, ताणा, निमूट आकार घेतं. जस्त त्याच्या पुढे गेलं की दुसऱ्या जातीचे, जस्ताने जड झालेले बीटा कण तयार होतात. साठ भाग तांबं आणि चाळीस भाग जस्ताचं पितळ थंड असताना आडमुठं, पण लाल तापवलं की मऊ पडतं आणि साच्यात एका दाबात व्हॉल्व्हचा आकार घेतं. शिवाय तांबं कमी, म्हणून स्वस्त. बर्मिंगहॅमच्या जॉर्ज मुंट्झने १८३२ मध्ये या साठ-चाळीसचं पेटंट घेतलं, ते जहाजांच्या लाकडी तळाला ठोकायच्या पत्र्यासाठी. समुद्रात तो पत्रा थोडा थोडा झिजत राहावा हीच अपेक्षा होती. त्यामुळे तळाला शिंपले आणि शेवाळ धरत नसे. कॉककडून आपली अपेक्षा तशी नसते. पण बाजारातले पुष्कळ कॉक आणि फिटिंग आज त्याच कुळातले आहेत, आणि खाऱ्या पाण्यात पहिला घास बीटा कणांचाच जातो. हे कण एकमेकांना लागून असतात, त्यामुळे एकात शिरलेला रोग पुढे पुढे सरकत आतपर्यंत पोचतो.

यावर इंजिनिअरांनी तोडगे शोधलेत. जस्त कमी करा, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आत ठेवा, तर हा आजार जवळजवळ होतच नाही. गनमेटल टिकतं ते यामुळेच: चांगल्या व्हॉल्व्हसाठी वापरतात त्या गनमेटलमध्ये ८५ भाग तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५. दुसरा तोडगा जरा गंमतीचा आहे. अल्फा पितळेत शेकडा ०.०२ ते ०.१५ इतकंच आर्सेनिक घातलं की जस्ताची गळती थांबते. नावाने दचकू नका. ते धातूत बांधलेलं असतं. मात्र बीटा कणांवर त्याची मात्रा चालत नाही. म्हणून कारखानदार जस्त ३६ टक्क्यांच्या आसपास ठेवतात आणि तयार माल ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून उरलेसुरले बीटा कण जिरवून टाकतात. या पितळेला डीझेडआर म्हणतात. ब्रिटनमध्ये अशा फिटिंगवर 'सीआर' अशी खूण असते, ऑस्ट्रेलियात 'डीआर'. आपल्याकडे डीझेडआर मागितलं की पुष्कळ दुकानदार तोंडाकडे पाहतात, तरी मागावं. मागणी नसेल तर माल कोण ठेवणार?

ज्यांना पारसच्या वीजकेंद्राची धुराडी रोज दिसतात त्यांच्यासाठी एक जोड माहिती. वाफेचं पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर म्हणजे हजारो बारीक नळ्यांचा जुडगा. अशा नळ्यांसाठी जगभर दीर्घकाळ वापरलं गेलं ते अ‍ॅडमिरल्टी पितळ: ७० भाग तांबं, २९ जस्त आणि एक भाग कथील. तो एक भाग कथील पाण्याशी टक्कर द्यायला, आणि पुढे त्यातही चिमूटभर आर्सेनिक आलं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर बोअरच्या खाऱ्या लाइनवर पितळेचा हट्ट सोडा. यूपीव्हीसीचा बॉल व्हॉल्व्ह लावा. उन्हात ठेवू नका, नाहीतर त्याचीही हाडं ठिसूळ होतात. धातूच हवा असेल तर गनमेटल. आणि पितळी नळाला लागून जीआयचं निपल असेल तर त्यावर नजर ठेवा. खाऱ्या पाण्यात पितळ आणि लोखंड शेजारी आले की दोघांची मिळून एक छोटी बॅटरी बनते आणि तिच्यात झिजायचं काम लोखंडाच्या वाट्याला येतं. गळती नळाला लागलीय असं वाटतं, निपल काढून पाहावं तर त्याचे आटेच गेलेले.

प्रश्न : बैलांच्या शिंगांच्या पितळी शेंब्या पोळा झाला की गोठ्यातच खुंटीला टांगून ठेवतो. या वर्षी खांदेशेकणीच्या दिवशी काढल्या तर दोन शेंब्या तोंडापासून उभ्या चिरलेल्या. पडल्या नाहीत, आपटल्या नाहीत. घरचे म्हणतात, पितळ हलकं होतं. तसं असेल का? (तालुका अकोट)

उत्तर : पितळेवर आळ घेऊ नका. शेंबीसारखी पातळ, टोकदार टोपी ओढून काढायची तर पितळ चांगलं लवचिक लागतं. हलकं असतं तर ती बनतानाच फाटली असती. इथे दोष आहे गोठ्याचा.

पत्र्याला थंड असताना दाबून, ओढून आकार दिला की त्याच्या अंगात ताण कोंडून राहतो. हात लावून कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. तोंडाच्या कडेला हा ताण सगळ्यात जास्त असतो आणि तो गोलाईच्या दिशेने खेचत असतो, म्हणून चीर उभी जाते आणि तोंडापासूनच सुरू होते. तुमच्या पत्रातलं हे वर्णन वाचूनच मला निदान पक्कं वाटलं. नुसत्या ताणाने मात्र पितळ चिरत नाही. त्याला दोन साथीदार लागतात, ओलावा आणि अमोनिया. गोठ्यात जनावरांच्या मुतापासून अमोनिया सतत निघत असतो. पावसाळ्यात हवा दमट आणि दारं-खिडक्या बंद. पोळा श्रावणी अमावस्येला, म्हणजे आधीचे दोन-अडीच महिने शेंब्या याच वासात टांगलेल्या. त्याच कोपऱ्यात युरियाची पोती ठेवत असाल तर विचारूच नका.

हे कोडं सुटलं त्याची गोष्ट आपल्याच देशातली आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजेच्या बंदुकांची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप चिरू लागली. पाऊस पडत असताना मोहिमा बंद, म्हणून दारूगोळा घोड्यांच्या पागेत ठेवलेला. पाऊस उघडल्यावर पेट्या खोलाव्यात तर पुंगळ्यांना चिरा. ऋतूशी जुळणारा रोग म्हणून इंग्रजांनी नाव दिलं 'सीझन क्रॅकिंग', म्हणजे दोष हवामानाच्या माथी. घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि पितळेतला कोंडलेला ताण यांचा संबंध नीट सिद्ध व्हायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी तो दाखवला. तुमचा गोठा आणि ती पाग यांत जनावर तेवढं बदललंय.

काडतुसाला मग पितळच का, असं कोणी विचारेल. अकोल्याहून रेल्वेने भुसावळकडे जाताना वरणगाव लागतं. तिथल्या आयुधनिर्माणीत १९६४ पासून रायफलींची काडतुसं बनतात. काडतुसाच्या पितळेत ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त, म्हणजे नखशिखान्त अल्फा. आधी जाड पत्र्याची वाटी कापतात. मग ती साच्यातून ओढतात, ती लांब आणि पातळ होते. पण प्रत्येक ओढीला पितळ कडक होत जातं, म्हणून मध्ये मध्ये तापवून मऊ करायचं आणि पुन्हा ओढायचं. बार उडतो तेव्हा पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसते, त्यामुळे जळता वायू मागे शिपायाच्या तोंडावर येत नाही. आणि दाब उतरताच ती किंचित आकसते, म्हणून ओढून बाहेर काढता येते. फुगायचंही आणि सोडायचंही, तेही पापणी लवायच्या आत. पोलाद स्वस्त असूनही या कामात पितळ अजून टिकून आहे ते यासाठी. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते ना, ती डाग नव्हे. तेवढा भाग मुद्दाम तापवून ताण काढल्याची ती खूण.

सगळ्याच ओढीव पितळी वस्तूंना हा उपाय लागू पडतो. २५०-३०० अंशांवर तासभर ठेवलं की कोंडलेला ताण जातो आणि कडकपणा फारसा कमी होत नाही. कारखान्यात नमुन्याची वस्तू मर्क्युरस नायट्रेटच्या द्रावणात बुडवून पाहतात. ताण उरला असेल तर थोड्याच वेळात चिरते. हा प्रयोग घरी करू नका, पारा आहे तो.

तुम्ही एवढंच करा. पोळ्यानंतर शेंब्या धुऊन, कोरड्या करून घरात ठेवा. चकाकी आणायला बाजारचं पातळ पॉलिश लावत असाल तर त्याचा वास घेऊन पाहा. काहींमध्ये अमोनिया असतो. लावलं तर पुसून, धुऊन टाका. जाड ओतीव घंटेला याचं फारसं भय नाही. चिरलेल्या शेंब्या झाळून जोडायच्या भानगडीत पडू नका, मोडीत घाला.

प्रश्न : मी अकोल्याला आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला आहे. माइल्ड स्टीलवर छान चालणारं टूल पितळेच्या रॉडला लावलं की ते जॉबमध्ये घुसतं. निदेशक सर म्हणतात, रेक शून्य कर. पितळ तर मऊ आहे, मग त्याला धारदार टूल का नको?

उत्तर : मऊ आहे म्हणूनच नको. स्टीलला टूलच्या माथ्यावर उतार लागतो, कारण त्याची चिप लांब, चिवट, वेटोळी निघते आणि तिला सरकायला वाट हवी. पितळेची चिप निघते तशी तुटते. उताराचं टूल पितळेत सहज शिरतं, चिप मागे रेटत नाही, आणि क्रॉस-स्लाइडच्या स्क्रूत जेवढा ढिलेपणा असेल तेवढं टूल आत ओढलं जातं. जॉबला खड्डा पडतो, पातळ जॉब असेल तर चकमधून निसटतो. माथा सपाट ठेवला की टूल ओढत नाही, खरवडत जातं. ड्रिलचंही तेच. पितळेला भोक पाडण्याआधी ड्रिलच्या दोन्ही धारांवर दगड फिरवून त्या किंचित सपाट करा, नाहीतर आरपार निघताना ड्रिल जॉबला मिठी मारतो.

तुम्ही वर्कशॉपमध्ये कापताय तो रॉड बहुधा फ्री-कटिंग पितळेचा, आयएस ३१९ मधला. त्यात तांबं ५६ ते ५९ टक्के आणि शिसं २ ते ३.५ टक्के. शिसं पितळेत मुरत नाही. त्याचे अतिसूक्ष्म गोळे जिथे तिथे विखुरलेले राहतात. चिप सुटायला लागली की वाटेत असा गोळा येतो, तिथे ती तुटते, आणि शिसं टूलच्या तोंडाला थोडं वंगणही देतं. तांब्याच्या सगळ्या मिश्रधातूंमध्ये कोण किती सोपं कापलं जातं याची मोजपट्टीच या पितळेला १०० गुण धरून आखलीय. वेगाचा फरक पाहा. एचएसएस टूलने माइल्ड स्टीलला मिनिटाला २८ मीटर धरा, पितळेला ८०. वीस मिलिमीटरच्या रॉडला म्हणजे तिकडे साधारण ४५० फेरे, इकडे १२७०. कूलंट नाही लावलं तरी चालतं. शेकड्यांनी तेच ते स्क्रू, टर्मिनल, जेट काढणाऱ्याला रॉड महाग पडूनही वस्तू परवडते, ती या वेगामुळे आणि बुराद्यामुळे. पितळेचा बुरादा परत विकला जातो, आणि चांगल्या भावाने. फक्त त्यात लोखंडाचा कीस मिसळू देऊ नका. घेणारा आधी चुंबक फिरवतो आणि मग भाव सांगतो.

गॉगल मात्र सोडायचा नाही. या चिपा सुईसारख्या बारीक असतात, उडतात, तळहातात रुततात, आणि शर्टातून घरी येतात.

हे कौतुक शिसं असलेल्या पितळेचं, हे लक्षात असू द्या. काडतुसाचं ७०:३० पितळ लेथवर लावा, चिप तुटणार नाही, टूलला चिकटेल. उलट फ्री-कटिंग पितळ ओढायला जाल तर ते फाटेल, आणि झाळकामात त्रास देईल. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या नळात शिसं ही आता जगभर अडचण आहे. आपल्या आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत जानेवारी २०१४ पासून पाण्याला लागणाऱ्या फिटिंगच्या धातूत शिसं सरासरी पाव टक्क्यावर नेता येत नाही. शिशाऐवजी बिस्मथ किंवा सिलिकॉन घातलेली पितळं त्यानंतर बाजारात वाढली. ती कापताना तुम्हाला शिशाची आठवण येईल. रात्रभर बंद असलेल्या नळाचं पहिलं पाणी पिण्याआधी तांब्याभर सोडून द्यावं, भांडी घासायला वापरावं.

प्रश्न : गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह पितळेचाच काहून असते? अन् जिनिंगमध्ये काही जुने फिटर पितळी हातोडी वापरत, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? (अमरावती)

उत्तर : आहे. लोखंडावर लोखंड किंवा दगड आपटला की त्याचा बारीक कण सुटतो आणि हवेत अक्षरशः पेटतो. ठिणगी म्हणतो ती हीच. पितळेचा कण मऊ, तो सुटतानाच कमी तापतो आणि पेटत नाही. जिनिंगमध्ये कापसात आलेला एखादा खडा किंवा खिळा गाठीच्या गाठी जाळू शकतो हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. तिथे, पेट्रोलच्या टाक्यांजवळ, दारूगोळ्याच्या कारखान्यात पितळेची किंवा ब्राँझची हत्यारं म्हणूनच ठेवतात. हातोडी पितळेची असली म्हणून बाकी कुठे ठिणगी पडणारच नाही असं मात्र नाही; मोटारीचा स्विच, गरम झालेलं बेअरिंग हे आहेतच. फिटरांचं दुसरं कारण साधं आहे: पितळी हातोडीने शाफ्ट ठोकला तर खूण हातोडीवर पडते, शाफ्टवर नाही.

सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये ठिणगी हे एकच कारण नाही. तो तापवलेल्या पितळेचा साच्यात दाबून केलेला असतो, त्यामुळे ओतकामात राहतात तसे पोकळ बुडबुडे त्यात राहत नाहीत आणि गॅस झिरपत नाही. आटे गंजून धरत नाहीत. सिलिंडर वर्षानुवर्षं गोदामात, ट्रकवर, पावसात फिरतो आणि तरी रेग्युलेटर एका खटक्यात बसला पाहिजे. इथे साठ-चाळीसच्या कुळातलं पितळ योग्य ठरतं. पहिल्या प्रश्नातल्या खाऱ्या पाण्यात जे पडलं, तेच इथे गॅसमध्ये टिकतं.

प्रश्न : नव्या घराच्या दारांना पितळी हँडल घेतले. चुंबक चिकटत नाही म्हणजे पितळच, असं सांगून विकले. वर्षाच्या आत एकाचा पिवळा थर उडाला आणि खाली पांढुरका धातू दिसतोय. घ्यायच्या आधी ओळखायचं कसं?

उत्तर : चुंबक चिकटला नाही यावरून एवढंच कळतं की ते लोखंड नाही. तुमचं हँडल बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचं आहे. त्यात जस्ताबरोबर चारेक टक्के अ‍ॅल्युमिनियम असतं, वर पिवळा मुलामा. चुंबक त्यालाही विचारत नाही. वस्तू वाईट नाही, तिचा भाव वेगळा असायला हवा होता.

घरच्या काट्यावर याचा निकाल लागतो. पितळेचं एक घनसेंटिमीटर ८.४ ते ८.५ ग्रॅम भरतं, या जस्ताचं ६.६ ते ६.७. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आधी हँडल तोला. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्य करा आणि हँडल दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा कडेला टेकू द्यायचं नाही. आता काटा जे ग्रॅम दाखवेल तेवढं त्याचं आकारमान घनसेंटिमीटरमध्ये. समजा हँडल ३३६ ग्रॅम आणि पाण्यात काट्याने ४० दाखवले, तर भागाकार ८.४, पितळ. तेवढ्याच आकाराचं हँडल २६५ ग्रॅम असतं तर ६.६, म्हणजे जस्त. सात-आठच्या मधला काही आकडा आला तर आत पोकळी आहे किंवा लोखंडी भाग राहिलाय.

दुकानात काटा नेणार नसाल तर कानस न्या, आणि आधी विचारून, स्क्रू बसतो त्या मागच्या बाजूला एक हात मारा. पितळ आतपर्यंत पिवळं निघतं. भंगारवाला आणि मोड घेणारा भांडीवाला दोघंही हेच करतात. विदर्भात पितळनगरी म्हणून नाव असलेल्या भंडाऱ्याचा हंडा असो की पितळी सुट्या भागांचं देशातलं मोठं केंद्र असलेल्या जामनगरचा प्लगचा पाय, मोडीत दोन्हींचा ढीग निराळा आणि भाव निराळा. जागतिक भंगारबाजारात तर पिवळ्या पितळेच्या भंगाराला 'हनी' आणि मोटारींच्या जुन्या तांबं-पितळी रेडिएटरला 'ओशन' असे ठरलेले सांकेतिक शब्द आहेत. तारेने सौदे होत तेव्हाचे ते, शब्दागणिक पैसे पडायचे म्हणून केलेले. नवीन माल विकणाऱ्यांपेक्षा जुना विकत घेणारे पितळेची जात जास्त बारकाईने पाहतात, असा माझा अनुभव आहे.

पाण्याची कसोटी करताना हँडलमधला स्प्रिंग आणि स्क्रू आधी काढून ठेवा. ते लोखंडाचे असतात आणि हिशेब बिघडवतात.